रविवारची धार

"सहा दिवस टाकीचं आपण बघायचं, सातव्या दिवशी देव बघेल!" सायमोने गरजला.

"मग देवाला सांग, येताना नळही जरा सोडत ये म्हणावं," वुना म्हणाला.

आत नारळ खवत बसलेल्या लुसेआनेला हे भांडण ऐकून हसू आवरेना. सायमोने तिचा नवरा, चर्चमध्ये प्रवचन करणारा. वुना त्याचा चुलतभाऊ. शिंपल्यांच्या टाक्या तो सांभाळायचा, आणि चर्चची पायरी चढायचा ती फक्त मयताला. पण टोंगा बेटांवर रविवारी काम नाही म्हणजे नाही. शेवटी ठरलं की शनिवारी दिवस मावळायच्या आत रविवारपुरती पाण्याची धार बांधून ठेवायची, आणि ते काम लुसेआनेचं, कारण तिचा हात हलका.

टाकीत तांदळाच्या दाण्याएवढी पिल्लं होती, वाढली की माणसाला उचलणार नाहीत अशा मोठ्या शिंपल्यांची. गावाने आपला खडक ओरबाडून रिकामा केला होता, आता तिथे ही सोडायची होती. पंप समुद्राचं पाणी वाळूच्या गाळणीतून काढून टाकीत फिरवायचा. धार मोठी ठेवली की पाणी ताजं राहतं, पण तळ न धरलेली पिल्लं ओढली जाऊन जाळीला चिकटतात. बारीक केली की पिल्लं जागच्या जागी राहतात, पण पाणी तापतं, कोंदतं.

"वहिनी, थोडी जाळीला जातील, जाऊ देत," वुनाने बजावलं होतं. "धार बारीक करू नकोस."

पण जाळीला लागलेली पिल्लं तिला बघवेनात. त्या शनिवारी तिने नळाची चावी पिळली, आणि अजून जराशी पिळली.

रविवारी वारा पार पडला. तिथल्या रिवाजाप्रमाणे चर्चसाठी कमरेला चटई गुंडाळून पहिल्या बाकावर बसलेली लुसेआने घामाने भिजली, आणि तिला कळलं, टाकी तापत असणार. उठावं? पण प्रवचन नवऱ्याचं. लोक काय म्हणतील? देवाने सहा दिवसांत सृष्टी केली, सायमोनेला ते सांगायला त्याहून जास्त वेळ लागला. मग जेवण झालं, मग दुपारची झोप झाली, म्हणजे बाकीच्यांची झाली. ती पंख्याने वारा घेत बसून राहिली.

सोमवारी टाकीतलं पाणी दुधासारखं झालं होतं आणि वास मारत होतं; पिल्लं सगळी मेली होती.

"चावी मागाहून वुनानेच पिळली असणार," सायमोने सगळ्यांसमोर म्हणाला. "देव न मानणाऱ्याच्या हातून दुसरं काय होणार?"

लुसेआने खाली वाकून जाळी खरवडू लागली. वुनाने तिच्याकडे एकदा पाहिलं.

"मीच पिळली असेल बाबा," तो म्हणाला.

गावाने टाक्या त्याच्याकडून काढून तिलाच दिल्या. संध्याकाळी ती शिजवलेल्या अळूच्या पानांची झाकलेली टोपली घेऊन त्याच्या दारात गेली.

"भाऊजी, ते मी..."

"ठाऊक आहे."

"मग बोलला का नाहीत? सांगून टाका ना सगळ्यांना."

"मी का सांगू? तुझं तू सांग. आत ये, पानं गार होतायत."

तिने सांगितलं नाही. सायमोने जिवंत असताना त्याची लाज आड आली, तो गेल्यावर त्याचं नाव. मात्र टाकी नासल्यानंतरच्या पहिल्याच रविवारपासून भजन सुरू झालं की ती पहिल्या बाकावरून उठायची आणि टाकीकडे चालायला लागायची. आधी सायमोनेचे कान लाल व्हायचे. बायका म्हणायच्या, "आमचा देव वर, हिचा टाकीत!" ती हसायची. पुढे नव्या पिल्लांचे शिंपले खडकावर धरले, तेव्हा त्याच बायका म्हणू लागल्या, "लुसेआनेसारखी माया कुणाला नाही गं." टोमणे तिला सोसले, ही माया मात्र रात्रंदिवस खुपत राहिली.

तिच्या शेवटच्या रविवारीही ती काठी टेकत गेली. धारेखाली हात धरला. जाळीला थोडी पिल्लं लागली होती. तिने ती पाहिली आणि चावी बोटभर आणखी सोडली. मग नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं घेऊन वुनाकडे गेली.

तोही आता वाकला होता. पान उलगडत त्याने दर रविवारसारखं विचारलं, "सांगितलंस का चर्चमध्ये?"

"पुढच्या रविवारी, भाऊजी."

"बरं," तो म्हणाला आणि जेवायला लागला.

त्याचं होईपर्यंत ती पायरीवर बसली. मग रिकामी टोपली उचलून संध्याकाळच्या प्रार्थनेला गेली.