तीन नंबरची टाकी

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात आमची तुकडी कल्याणजवळच्या निर्वासितांच्या छावणीत होती. ड्यूटी पाण्याची. घरी मुलं लढाईची गोष्ट मागतात. त्यांच्या बापाने तीन टाक्या राखल्या, त्याही धड नाहीत.

हुकूम साधा होता. सकाळी सहाला तिन्ही टाक्यांत ब्लीचिंग पावडर टाकायची, मग गार्डरूममधल्या रजिस्टरात सही. तीन नंबरची टाकी पार टोकाला. आठवडाभर ज्याची पाळी, तो रविवारीच साती दिवसांच्या सह्या ठोकून मोकळा. मी नाईक, त्यामुळे माझी सही सगळ्यांत ऐटदार.

आधी सही न करणारा एकच होता, शिपाई पास्कल. ठाण्याचा ख्रिस्ती, घरी भातशेती. तो पावडर टाकून, घाम पुसत परत यायचा आणि मग सही करायचा. आम्ही त्याला ‘फादर’ म्हणायचो. शुक्रवारी तो मटण खात नसे, त्याचा वाटा माझ्या ताटात पडायचा. त्याच्या धर्माचा पहिला लाभार्थी मीच. बायबलात पावडरचं काही लिहिलंय का, असं मी एकदा विचारलं.

"पावडरचं नाय, भाऊ. पन पानी लोकं पितात ना."

मे महिन्यात माझी पाळी आली. गुरुवारी पावडर तीन नंबरपर्यंत पुरली नाही. शुक्रवारी उशिरा उठलो, ऊन फार होतं; शनिवारीही तेच. सह्या झालेल्याच होत्या.

शनिवारी सकाळी दहाला कॉलरा. अकरापर्यंत चौदा माणसं आडवी. गार्डरूममधला फोन वाजला, साहेबांचा; हवालदाराने उचलला.

"आजाऱ्यांजवळ ऑर्डर्ली किती?"

"एक, सर."

"व्हॉलंटियर पाठवा."

पास्कल उभा राहिला. आजाऱ्यांची बराक तीन नंबरला लागून होती. निघताना त्याने मला विचारलं, "तीनमधे पावडर पडलीय ना?"

हवालदार शेजारीच होता. बाहीवरच्या दोन फिती जातील, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

"सही बघ की."

"तुमची सही हाय. मंग झालं," म्हणाला आणि गेला.

तासाभराने मी सायकलवर पावडर नेऊन टाकली. तोवर त्याने त्या टाकीतून बादली भरली होती. पहिला पेला तोच प्यायला. पावडरचा वास लागला नाही, तेव्हा बादली ओतून दिली आणि एक नंबरवरून पाणी वाहायला लागला. कोणाला काही बोलला नाही.

सोमवारी पहाटे तो स्वतः आडवा झाला. मी जवळ बसलो. काही सांगायला तोंड उघडलं, तर त्यानेच हात हलवला.

"मला ठावं हाय. सायबाला मी नाय सांगनार. तुमी सांगा."

मी हो म्हणालो. दुपारी अडीचला तो गेला.

बुधवारी चौकशी झाली. साहेबांनी रजिस्टर चाळलं. रोजची सही, रोजची वेळ. "रेकॉर्ड इन ऑर्डर," म्हणाले. मला विचारलं, काही सांगायचंय? मी म्हणालो, "नो, सर." पुढल्या वर्षी हवालदार झालो.

आता ठाण्यातच असतो. नोव्हेंबरात त्यांचे लोक कबरींवर मेणबत्त्या लावतात, तेव्हा मी जातो. त्याची आई एक मेणबत्ती माझ्या हातात देते. दर वर्षी एकच विचारते, शेवटाला त्याच्या जवळ कोण होतं. मी सांगतो, मी होतो. दहा वर्षांत त्या माउलीशी मी एवढंच खरं बोललो आहे.