चालत्या घरात दही लागत नाही

माझ्या सासूबाईंविषयी कुणी विचारलं की मी आधी त्यांच्या दह्याविषयी सांगते. नागपूरला लागून असलेल्या वाडीतल्या आमच्या गल्लीत जयवंताबाईंचं दही प्रसिद्ध आहे. भांडं उपडं केलं तरी पडत नाही. यात हाताची चव वगैरे काही नाही, ती सवय आहे. माझे सासरे रुपराव सगळी उमर ट्रकवर होते, आणि ट्रकवाल्याच्या घरात दही संपून चालत नाही. गोडाऊनवर माल भरून झाला की निरोप यायचा आणि बाबा निघायचे. निघताना हातावर दही-साखर पडल्याशिवाय त्यांचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नसे. म्हणून रोज रात्री विरजण लागायचं. माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा, पाहुण्यांची जेवणं आटोपल्यावर, या बाई शालू नेसलेल्या तशाच दुधात करंगळी बुडवून ऊब बघत होत्या. मला वाटलं, कुठल्या घरात येऊन पडले मी!

बाबा "येतो वं" म्हणायचे. 'जातो' म्हणायचं नाही, हा नियम. "कधी येणार" हे विचारायचं नाही, हा दुसरा. आणि तिसरा नियम माझ्या जिवावर यायचा: माणूस घराबाहेर पडल्यावर लगेच केर काढायचा नाही. आई, म्हणजे सासूबाई, अंदाज बांधायच्या, आता ट्रक पुढच्या कोंढाळी गावाला पोचला असेल, आणि मग म्हणायच्या, "मार आता झाडू." तोवर घरात बाबांच्या चपलांची माती तशीच. मला ऑफिसची घाई, वाडीतल्याच एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे मी बिलं करते, आणि कोंढाळी काही लवकर येत नसे. मी चिडायचे. आई हसून चहाचा कप पुढे करायच्या, झाडू मात्र द्यायच्या नाहीत.

परतीचं वेगळंच. आमच्या रस्त्यावर दिवसभर ट्रकच ट्रक, हॉर्नवर हॉर्न. त्यातला एक हॉर्न मोडावर वाजला की आई चहा टाकायच्या. कधी चुकलं नाही. मला तर आजही सगळे हॉर्न सारखेच कर्कश वाटतात.

नवऱ्याने असा सगळा देश चाकाखाली घातला आणि बायकोचा प्रवास काटोलचं माहेर ते वाडी, एवढाच. त्याची तक्रार मी कधी ऐकली नाही. तक्रार करणारी मी, त्या घरात तो विभाग माझ्याकडे आहे.

बाबा रिटायर झाले आणि त्यांना घरात बसवेना. दारात खुर्ची टाकून ते जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा गिअर ऐकायचे, "सेकंडमध्ये टाक ना बे!" म्हणून ओरडायचे. शेवटी त्यांनी लग्नाच्या वऱ्हाडाला भाड्याने फिरून थकलेली एक जुनी ट्रॅव्हलर घेतली. ओळखीच्या बॉडीवाल्याकडे नेऊन सीटा काढल्या, दोन बर्थ टाकले, छोटा ओटा करून शेगडी बसवली, टपावर पाण्याची टाकी चढवली. मागच्या बाजूला पेंटरकडून मोठ्या अक्षरांत 'जयवंता' लिहून घेतलं. आयुष्यभर मालकांच्या पोरांची नावं मागे घेऊन फिरले, आता पहिल्यांदा आपल्या माणसाचं. आम्ही तिला घरगाडी म्हणतो. आई ते नाव बघून म्हणाल्या होत्या, "आता लोकं मले ओव्हरटेक करतीन," आणि पदर तोंडाला लावून हसल्या होत्या.

घरगाडी आली, बाबा आईंना घेऊन फिरायला लागले, पण ड्रायव्हरचा स्वभाव जातो कुठे? बाबा रात्रीच गाडी चालवणार. रस्ता मोकळा असतो म्हणे. दिवसा कुठल्यातरी झाडाखाली झोपा काढायच्या आणि अंधार पडला की, "चला, निघू." म्हणजे आई संध्याकाळी विरजण लावणार आणि हे रात्रभर ते भांडं हिंदकळवत नेणार. सकाळी झाकण काढलं की ना दूध, ना दही. पहिल्या सफरीवरून आल्यावर आईंनी एवढंच सांगितलं, "चालत्या घरात दही लागत नाही वं, अपेक्षा." बाकी काय पाहिलं ते मला बाबांकडून कळलं.

हे सगळं सांगायचं कारण गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. छिंदवाड्याच्या पुढे एका पठारावर बलूनचा मेळा भरणार होता. मोठ्ठे गरम हवेचे फुगे, खाली टोपली, त्यात माणसं. मी मोबाईलवर जाहिरात दाखवली तर आई स्वयंपाक सोडून किती वेळ ती बघत राहिल्या. मग मोबाईल परत देताना हळूच म्हणाल्या, "यात बाया बी बसतात काय?" मी लगेच दोघांची तिकिटं काढून टाकली. लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून. माझा नवरा अमोल म्हणाला, "तू हात दाखवून अवलक्षण करून राहिली. बाबा माझ्या बाजूच्या सीटवर गप बसू शकत नाही, फुग्यात बसन काय?" त्याचं खरं होतं. अमोल गाडी चालवतो तेव्हा बाबा शेजारी बसून उजवा पाय खाली असा दाबतात की जणू ब्रेक तिथेच आहे. अमोलला सुटी मिळाली नाही. मी गेले.

सावनेर, सौंसर, मग सिल्लेवानीचा घाट, सगळं अर्थात रात्री. उजाडायच्या सुमाराला पठारावर पोचलो तर थंडीने दात वाजत होते आणि मैदानात फुगे जमिनीवर पसरून ठेवलेले. उडणार तर नाहीतच. वरती वारा होता. पायलट म्हणाला, "आज रद्द. कल सुबह देखेंगे." नकटीच्या लग्नाला सतरा विघ्नं!

बाबांचा चेहरा मात्र खुलला. ते दिवसभर त्या पायलटच्या मागेमागे फिरून चौकशी करत होते. स्टेअरिंग कुठे? नाही. ब्रेक? नाही. मग वळवता कसं? वळवत नाही, वारा नेईल तिकडे जातो, आपल्या हातात फक्त वर-खाली. मग उतरता कुठे? जिथे मोकळं शेत दिसेल तिथे, खालून आमची जीप मागे येते. बाबांनी परत येऊन निकाल दिला: "ज्या गाडीले ना स्टेअरिंग ना ब्रेक, तिच्यात आपलं माणूस बसवायचं नाही. फुगे पाहिले, झालं. जेवण करू अन् निघू. सकाळी पचमढीत राहू."

आई ओट्यापाशी उभ्या होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मी येत नाही."

"काहून?"

"मले वर जायचं हाय." भांड्यावर झाकण ठेवून त्यांनी ते पिठाच्या डब्यात उबेला दाबून बसवलं, तेव्हा कुठे वळल्या. "अन् आज गाडी हलवू नका. विरजण लावलं हाय."

इतक्या वर्षांत 'मले' म्हणून त्यांनी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. साडी मागितली नाही, मंगळसूत्र मोडून माझ्या नणंदेची फी भरली तर तेही पुन्हा घडवून मागितलं नाही. बाबांनीही ऐकलं नसावं. ते आधी चिडले. "तुले समजते काय ते? पायलटलेच मालूम नाही कुठं उतरन ते!"

"तुमचं बी तसंच होतं," आई म्हणाल्या. "नागपुरातून निघाले की उतरन कुठं, मालक जाणे अन् तुम्ही. मी काही म्हटलं?"

मला आतून इतका आनंद झाला की मी उगाचच बर्थवरची चादर दोनदा झटकली. थोड्या वेळाने बाबांनी शेवटचा पत्ता टाकला: मी काही बसणार नाही, माझ्या जाग्यावर तुझी ती बसली तर बसो. 'ती' म्हणजे मी. मला तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर चक्कर येते. मी साफ नाही म्हणाले. आता आई माघार घेतील असं आम्हा दोघांनाही वाटलं असणार. आई म्हणाल्या, "एकटीच जाईन. टोपलीत बाकीचे हायेत ना."

त्या रात्री गाडी जागची हलली नाही.

पहाटे वारा पडला होता. मैदानात पंखे घरघरत होते, कापड हळूहळू फुगून उठत होतं, आणि मधूनच बर्नरची ज्योत भसकन् पेटली की सगळा फुगा आतून उजळायचा, पिवळा, लाल, जांभळा. आईंनी आंघोळ केली होती, स्वेटरवरून पदर खोचला होता. धुतलेलं हिरवं लुगडं घरगाडीच्या आरशापासून शेजारच्या बाभळीपर्यंत बांधलेल्या दोरीवर वाळत घातलं होतं. जायला निघाल्या आणि गाडीच्या पायरीपाशी थांबल्या. बाबांसमोर उजवा तळहात पसरला.

बाबांना कळेना. खिशात हात घालून ते पैसे काढायला लागले.

"पैसे नाही जी," आई म्हणाल्या. "दही."

बाबा एकदम आत गेले. पिठाचा डबा उघडल्याचा आवाज आला, मग चमचा पडल्याचा, मग साखरेचा डबा कुठे आहे म्हणून माझ्या नावाने हाक. बाहेर आले तेव्हा त्यांच्या मिशीलाही पीठ लागलं होतं. दही असं घट्ट लागलं होतं की चमच्यातून सुटेना. त्यांनी आईंच्या तळहातावर भलामोठा गोळा टाकला, वर साखर इतकी की सांडली. आयुष्यभर हात पुढे केलेला माणूस, चिमूटभर किती ते त्याला माहीतच नव्हतं. आईंनी सगळं खाल्लं. मनगटावर ओघळलेलंसुद्धा.

"येते," म्हणाल्या आणि गेल्या.

टोपलीत चढताना पायलटने हात दिला. मग दोर सुटले आणि फुगा कसलाही आवाज न करता जमीन सोडून निघाला. आईंचं तोंड दिसत होतं तोवर मी हात हलवला. बाबांनी नाही हलवला. ते मान वर करून उभे होते आणि त्यांचा उजवा पाय मैदानातल्या गवतावर ब्रेक दाबत होता. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदम.

काहीतरी करायचं म्हणून मी गाडीत शिरले. सगळीकडे पीठ आणि साखर सांडली होती, मुंग्या लागल्या असत्या. मी झाडू घेतला. पहिला हात मारला असेल नसेल, बाबांनी दारातून झाडू हिसकून घेतला.

"ठेव तो! आता गेली ना ती."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. हा नियम त्यांना ठाऊक आहे हेच मला ठाऊक नव्हतं. झाडू हातात धरून ते पुन्हा वर बघायला लागले. फुगा बाभळीच्या वर गेला, मग मैदानाच्या कडेला, मग रस्त्यापलीकडे. "बेटा," ते म्हणाले, आवाज अगदी बारीक, "किती वेळ पाहायचं असं?" मी म्हणाले, "कोंढाळी येईपर्यंत." त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, झाडू सीटखाली टाकला आणि गाडीला चावी लावली.

आणि मग त्या माणसाने जी चूक केली ती आमच्या घरात अजून चघळली जाते. सगळी उमर निघण्याआधी गाडीला चक्कर मारून टायर, दोर, ताडपत्री बघणारा हा ड्रायव्हर काहीच न बघता निघाला. बाभळीकडची गाठ सुटली, आरशाकडची सुटली नाही, आणि आईंचं हिरवं लुगडं दोरीसकट फडफडत गाडीमागे निघालं. मी ओरडत होते, "बाबा, लुगडं! लुगडं!" ते म्हणत होते, "फुगा कुठं गेला ते सांग!" जीपवाल्यांना मागे टाकून आम्ही पुढे. गावातून गेलो तर लोक हात वर करून ओरडले, बहुधा आम्हाला मेळ्याचीच काही जाहिरात समजले. कच्चा रस्ता आला, बाबांनी गाडी त्यात घातली. ओट्यावरचं दह्याचं भांडं कलंडलं. मी ते धरायला गेले नाही. मीही खिडकीतून डोकं काढून वरच बघत होते.

सोयाबीन काढून झालेल्या एका मोकळ्या शेतात फुगा उतरला. टोपली दोनदा टेकली, थोडी ओढली गेली आणि थांबली. आम्ही धसकटांतून धावत पोचलो तेव्हा आई टोपलीच्या काठावर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या, केस विस्कटलेले, नाक थंडीने लाल. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. बाबांनी त्यांना धरून खाली उतरवलं. चारचौघांत, हाताला धरून, आणि मग तो हात गाडीपाशी येईपर्यंत सोडलाच नाही.

"काय दिसलं वं वरून?" बाबांनी विचारलं. "तलाव दिसला? डोंगर?"

"असन ना," आई म्हणाल्या. "मी तुमची गाडी पाहून राहिली होती. हिरवं लुगडं मागं लागलेलं, चुकन कशी?" मग थोडं थांबून म्हणाल्या, "उमरभर मले तुमचा हॉर्न ऐकू ये, तो बी मोडावर आल्यावर. त्याच्या आधी कुठं होते, कुठून येऊन राहिले, काही दिसे नाही. आज पुरा रस्ता दिसला. निघाले तिथपासून येतपर्यंत. तुम्ही माझ्याकडेच येऊन राहिले होते."

बाबा खाली वाकून त्या हिरव्या लुगड्यात अडकलेले काटे काढत बसले. एकेक काटा, अगदी सावकाश.

आम्ही मैदानात परतलो. आईंनी सांडलेलं दही पुसलं, भांड्यात उरलेलं वाटीत काढलं आणि मला म्हणाल्या, "मार आता झाडू." संध्याकाळी मी सामान बांधायला घेतलं, कारण बाबा पचमढी म्हणाले होते आणि अंधार पडत आला होता. बाबा ओट्यापाशी उभे होते. कोमट दुधात करंगळी बुडवून त्यांनी ऊब पाहिली, पुन्हा बुडवली, वाटीतलं उरलेलं दही त्यात घातलं, झाकण ठेवलं आणि भांडं पिठाच्या डब्यात बसवलं.

"कायले बांधून राहिली?" ते मला म्हणाले. "गाडी कुठं नाही जात आज."