उरलेल्या हंगामाचं मत

वेणूचा नवरा भीमा तापाने गेला, तेव्हा मोठी निवडणूक तोंडावर आली होती. डहाणूच्या किनाऱ्यावरच्या बाया ठेवणीतली लुगडी नेसून मत द्यायला गेल्या. वेणू आणि तिची सासू चंद्रावती सुतकात घरात बसून राहिल्या. पुढे वेणूने टोपली उचलली. सुके बोंबील घेऊन आशागड, तलासरीचे बाजार करू लागली. भीमाचं दुःख होतंच, पण त्याच्या आड मत राहिल्याची एक बारीकशी रुखरुखही होती. ती कुणाला सांगणार?

मग खासदार वारले आणि पोटनिवडणूक लागली. वेणू मनातून हरखली. पण तिचा थोरला दीर नारू, होडी चालवणारा तांडेल, त्याने ओटीवर बसून सगळ्यांना समजावून दिलं. हंगामाच्या मध्येच खलाशी गेला, तर ज्यांनी त्याला हंगामाची सुपारी देऊन होडीवर घेतलं तेच उरलेल्या हंगामापुरता दुसरा माणूस बघतात. नंतर आलेल्याने त्यात तोंड घालायचं नसतं. नवा खासदारही उरलेल्या वर्षांपुरताच. तेव्हा मागे ज्यांनी मत दिलं, त्यांनीच आता द्यायचं. भलतंच मत पडलं तर गावाची पेटी बाद होईल. सगळ्यांना पटलं. वेणूलाही पटलं.

तलासरीच्या बाजारात सायवनची जिवली बोंबील निवडत होती. मतदानाच्या दिवशी मी बाजारात नसेन, मत द्यायला जाणार, असं ती सहज म्हणाली. मागच्या खेपेला ती गवत कापायला लांब गेली होती, मत राहिलं होतं. वेणूने तिला नारूचा कायदा ऐकवला.

जिवली हसत सुटली. "तुझ्या दिराचा कायदा होडीत ठेव. जीपवाला भोंग्यातून सांगून गेला, नाव असेल त्याने यावं."

परतताना वेणूचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. जिवली चुकली असली तर? आपल्या एका मतापायी साऱ्या गावाची मतं फुकट जायची.

मतदानाच्या सकाळी ती शाळेत गेली. पुढे रांगेत नारू होता. तिला पाहून त्याने भुवया चढवल्या, पण भावजयीला चारचौघांत काय बोलणार? वेणूचा नंबर आला. तिने मताच्या चिठ्ठीला हात लावला नाही. आधी टेबलामागच्या साहेबांना विचारलं, "साहेब, मी मागे मत दिलं नव्हतं. आता दिलं तर पेटी बाद होईल?"

साहेबांनी मान वर केली. "बाई, जागा मोकळी झाली ती सगळ्यांचीच. मागे कुणी दिलं, कुणी नाही, ते आम्ही विचारतच नाही. यादीत नाव आहे ना तुमचं? मग बोट पुढे करा."

तिने शिक्का मारला, तो नीट उमटला. बाहेर नारू थांबला होता.

"ऐकलंत ना, भावोजी?"

"ऐकलं," तो म्हणाला. "होडीवर मात्र माझाच कायदा चालेल."

"चालवा की. कोण नाही म्हणतंय?"

वेणू झपाझप घरी आली. चंद्रावती अंगणात बोंबील उलटे करत होती. वेणूने तिच्या हातातली पाटी काढून घेतली.

"आई, लुगडं बदला. शाळा बंद व्हायच्या आत जायचंय."

"मी? अगं, मी तर मागे..."

"ते वाटेत सांगते."

तेवढ्यात नारू दारात येऊन उभा राहिला. आईला चालवेल ना, नाहीतर बैलगाडी बघतो, म्हणाला.