गोल रस्त्यावरचा पाहुणचार

फिजीच्या मोठ्या बेटावर रस्ता एकच होता. समुद्राच्या कडेकडेने तो बेटाला वळसा घालायचा आणि निघाला तिथेच परत येऊन मिळायचा. एवढ्या सरळ व्यवस्थेत दोन माणसांची चुकामूक व्हायला नको. आमची झाली, आणि आम्ही दोघेही सातारा जिल्ह्याचे होतो म्हणूनच झाली.

युद्ध संपून फार काळ लोटला नव्हता. मी शेतकीची पदवी घेऊन एका साखर कारखान्यात नोकरीला लागलो होतो. आमच्या घरात माझ्या आधी कुणी इंग्रजी तिसरीच्या पुढे गेलेलं नव्हतं. वडील उसाला पाणी पाजायचे आणि मला त्या पाण्याचं शास्त्र शिकायला पाठवायचे, याचं त्यांना हसू येई आणि अभिमानही वाटे. कारखान्याच्या साहेबांबरोबर मी ऑस्ट्रेलियाला गेलो. साहेब तिथे यंत्रं पाहण्यात गुंतले आणि मला म्हणाले, "तुम्ही फिजीला जाऊन या. तिथला ऊस बघा." आमच्या गावी, आष्ट्याच्या शाळेत भिंतीवरच्या नकाशात पॅसिफिक महासागरावर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके होते. ते दाखवून गुरुजी म्हणायचे, "ही बेटं. परीक्षेला येत नाहीत." अशा एका ठिपक्यावर मी पेटी घेऊन उतरलो.

सुवा बंदरातून मी दक्षिणेकडच्या रस्त्याने बसने निघालो. बसला खिडक्या नव्हत्या; बाजू उघड्या आणि वर गुंडाळलेली ताडपत्री. पाऊस आला की उतारू आपापल्या बाजूची ताडपत्री खाली सोडत, थांबला की पुन्हा गुंडाळत. सुव्याच्या अंगाला पाऊस फार, त्यामुळे हे काम सारखं चाले. माझ्या एका बाजूला त्या बेटाचे मूळ रहिवासी असलेले एक धिप्पाड गृहस्थ मांडीवर कंदांची जुडी घेऊन बसले होते, दुसऱ्या बाजूला हिंदुस्थानी बाई कोंबडीला पदराखाली घेऊन. पुण्याहून साताऱ्याला येताना शिरवळला गाडी थांबली की ड्रायव्हर इंजिनात पाणी ओतून खुशाल चहाला जाई आणि कुणी काही बोलत नसे. इथलाही ड्रायव्हर मध्येच उतरला आणि रस्त्याखालच्या एका घरात मासे देऊन आला. कुणी काही बोललं नाही. तेव्हा मला जरा आपल्याकडच्यासारखं वाटलं.

सिंगातोका नावाच्या गावापासून पुढे उसाच्या रुळांवरून कारखान्याची छोटी आगगाडी जाते. ती उतारूंनाही घेते आणि पैसे घेत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी गार्डकडे तिकीट मागितलं. तो म्हणाला, "टिकट नहीं है." संपली असतील, असं समजून मी पेटीसह खाली उतरलो आणि दुसऱ्या गाडीची वाट पाहत उभा राहिलो. गाडी हलली तेव्हा एका उतारूने आधी माझी पेटी आत ओढली, मग मला.

"कौन मुलुक के हो, बाबू?" त्याने विचारलं. "चढ के उतर जाते हो?"

मी सातारा सांगितलं. आमचं आष्टा तेव्हा सातारा जिल्ह्यातच होतं. तो मनुष्य सरळ होऊन बसला. त्याच्या गावात, लौतोकाच्या पुढे बा नदीपलीकडे, एक म्हातारा शेतकरी होता. तरुणपणी करारावर, म्हणजे तिकडच्या भाषेत गिरमिटावर, उसाच्या कामाला आलेला. तो स्वतःला सातारचा म्हणवी.

"दुकानदार गुजराती है, पडोसी मद्रासी है, सिपाही पंजाबी है," तो म्हणाला. "सबके मुलुक का आदमी आता है. उसके मुलुक का कोई नहीं आया. एक ही बात बोलता है, कोई आए तो अपने आँगन में रोटी खिलाऊँ."

मी त्याला सांगितलं, त्यांना माझा रामराम सांगा, काम आटोपलं की मी येतो.

लौतोकाला कारखान्याच्या पाहुण्यांच्या बंगल्यात माझी सोय होती. दिवसभर मी उसातून हिंडे. ऊस आपल्याकडच्यापेक्षा उंच नव्हता, पण सरळ उभा होता, आणि बैलांच्या जोड्यांना जू आपल्यासारखंच होतं. एके दिवशी आतल्या दरीतली शेतं पाहायला मी लॉरीने गेलो. परत आलो तर खानसामा म्हणाला, एक म्हातारा डोक्याला पांढरं कापड गुंडाळून आला होता. पाहुण्याला घरी घेऊन जायला आलोय, म्हणाला. गाडीची वेळ होईपर्यंत पायरीवर बसला, पाणीसुद्धा घेतलं नाही, आणि गेला.

मला फार लाज वाटली. वडिलांच्या वयाचा माणूस माझ्या दारात येऊन उपाशी बसून गेला. आमच्याकडे लहानाने मोठ्याच्या घरी जायचं असतं, मोठ्याला हेलपाटा पडू द्यायचा नसतो. मी गाडीच्या गार्डकरवी निरोप पाठवला, आपण कुठेही जाऊ नका, शनिवारी मी येतो. तिथूनच पुढे उत्तरेकडच्या रस्त्याने सुव्याला जाऊन मला बोट गाठायची होती, म्हणून मी पेटीही बरोबर घेतली.

शनिवारी बसने निघालो. या बाजूला पाऊस कमी, ताडपत्र्या गुंडाळलेल्याच, आणि सगळ्यांच्या भुवया धुळीने तांबड्या. युद्धात अमेरिकन सैन्याने सोडून दिलेल्या लोखंडी जाळ्या लोकांनी कुंपणांना लावल्या होत्या. दुपारी ड्रायव्हरने मला उसाच्या कडेला एका पत्र्याच्या घरासमोर उतरवलं. घरात म्हाताऱ्याची बायको होती. ती याच बेटावर जन्मलेली, आईबाप मद्रासकडचे. बेटावरची हिंदी बोलायची. तिने मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"वो तो तुमको लेने गया."

निरोप मिळाला होता. पाहुणा येतोय म्हटल्यावर त्याला घरी बसून कसं राहायचं? पाहुण्याला सामोरं जायचं असतं, वेशीवरून आणायचं असतं. म्हातारा सकाळच्या उसाच्या गाडीने लौतोकाला गेला होता. रूळ एका बाजूने, रस्ता दुसऱ्या बाजूने. आम्ही कुठेतरी एकमेकांना ओलांडून आलो होतो.

मी पेटी उचलली. घरधनी नसताना घरात बसून राहणं बरं दिसत नाही, आणि तो तिकडे माझ्यासाठी ताटकळत असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी सुव्याची बस, म्हणजे आजच काय ते.

"काकी, मी लौतोकाला जातो," मी मोडक्या हिंदीत म्हणालो.

"जाओ," ती म्हणाली. "तुम उधर जाओगे, वो इधर आएगा. वो सुनेगा तुम उधर गए, फिर उधर जाएगा. गोल गोल घूमो दोनों. मैं बैल को पानी देती हूँ." असं म्हणून तिने माझ्या हातातली पेटी घेतली, आत नेली आणि तिच्यावर तांदळाचं पोतं ठेवलं. "जो बैठेगा, वही मिलेगा."

मी बसलो. तिने चहा दिला. शेजारचे दोघे येऊन माझ्याशी हिंदी बोलून गेले. काकी चुलीपाशी आणि मी ओट्यावर. म्हातारबाबा कसे आहेत, मी विचारलं.

"अच्छा आदमी है. मारता नहीं, पीता नहीं. बोलता भी नहीं." ती हसली. "बैल को पानी दिया? हाँ. खाना खाओगे? हाँ. बस. शादी हुई तो माँ ने पूछा, कैसा है? मैं बोली, अभी पता नहीं. अभी तक पता नहीं."

तिला दोन मुलगे होते, दोघांची लग्नं होऊन ते आपापल्या शेतावर गेलेले. त्यांनाही बापाची भाषा येत नव्हती. शिकवायला त्याने कधी तोंडच उघडलं नव्हतं, असं ती म्हणाली.

उन्हं उतरायला लागली तशी माझी बेचैनी वाढली. रस्त्यावर लॉरी वाजली की मी उठायचो. एकीत खत, एकीत शाळेची बाकं. अखेर बैल नेणारी एक लॉरी थांबली आणि मागच्या बाजूने, बैलांच्या अंगावरून हात फिरवत, एक काटक म्हातारा उतरला. डोक्याला धोतराचाच फेटा होता. मी आल्याचं कळेपर्यंत त्याच्या बायकोने तो कधी पाहिला नव्हता. ती तोंडावर पदर घेऊन हसत होती.

मी पुढे होऊन वाकणार, तर म्हाताऱ्याने माझ्याकडे आणि ओट्यावरच्या कपाकडे पाहिलं. त्याचा चेहरा पडला.

"आवं, आमी तिकडं येशीवर हुबं," तो म्हणाला, "आन् तुमी हितं च्या पिऊन ऱ्हायलाय व्हय?"

मराठी शब्द त्याच्या तोंडून एकेक करून, विहिरीतून पाणी शेंदावं तसे येत होते. मी म्हणालो, "क्षमा करा, आपल्याला विनाकारण त्रास झाला."

"मास्तरावानी नगा बोलू. उठा. बाहीर चला."

त्याने मला अंगणातून, उसाच्या बांधावरून, पार रस्त्यापर्यंत नेलं आणि तिथे उभं केलं. "हितंच थांबा," म्हणाला. मग घराकडे जाऊन बायकोला काहीतरी हिंदीत समजावलं. ती रोटीचा तुकडा आणि तांब्या घेऊन आली. काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं. म्हातारा तिचा हात धरून दाखवू लागला, "ऐसे. ऊपर से ऐसे घुमाओ. हाँ. फेंको." तिने तुकडा माझ्यावरून ओवाळला आणि उसात टाकला. डोळ्यांना पाणी लावलं, पायांवर पाणी घातलं. रस्त्याने जाणारी एक बस आमच्यासाठी थांबली आणि आम्ही हात केल्यावर पुढे गेली. म्हाताऱ्याने फेटा नीट केला, माझा हात धरला.

"आता या पाव्हणं," तो म्हणाला. "आता आलासा."

"लय बरं वाटलं बगा," मी म्हणालो. माझ्या तोंडून ते कसं निघालं, मलाच कळलं नाही. पुण्याला कॉलेजात पहिल्या वर्षी माझ्या बोलण्याला मुलं हसायची. मी मोठ्या कष्टाने ते बोलणं पुसून टाकलं होतं. ज्यांनी मला शुद्ध बोलायला शिकवलं त्यांचे उपकार मी मानतो. पण तिथे ते शुद्ध बोलणं काही कामाचं नव्हतं.

जेवायला बसलो आणि म्हातारा बोलू लागला. आधी अडखळत, मध्ये हिंदी घालत. मग हिंदी गळून पडली. त्याचं गाव कृष्णेच्या पलीकडच्या काठाचं. मी त्या गावात एकदाच, एका लग्नाला गेलो होतो, तसं मी त्याला सांगितलं. तेवढंही त्याला पुरलं. मांडव कुठं घातला व्हता? नदीला पाणी किती व्हतं? जेवणात काय? आमटी तिखट व्हती का? मी आठवेल तसं सांगत गेलो, नाही आठवलं तिथे नाही म्हणालो. मग तो स्वतःचं सांगू लागला. पुरात वाहून चाललेला भोपळा पोहून कसा आणला. भावकीतल्या एकाने बैल कसा विकला आणि तो बैल तीनदा घरी कसा पळून आला. बोटीवर उलट्या होत असताना एका मद्रासी माणसाने त्याला लिंबू कसं दिलं. त्या माणसाची मुलगीच आता समोर रोट्या भाजत होती.

काकी तवा तसाच ठेवून वळून बसली होती. तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. रोटी करपली तरी ती त्याच्याकडेच पाहत होती.

सकाळी म्हातारा बैलांकडे गेला तेव्हा ती माझ्यापाशी आली. "बाबू, ये इतना बोलता है? तुम्हारे मुलुक में सब इतना बोलता है?"

"बहुतेक सगळे," मी म्हणालो.

तिने घासत असलेला तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "एक बात सिखाओ. छोटी. जो मैं बोलूँ तो ये बोले."

आमच्याकडे भेटलेल्या कुणालाही आधी विचारतात तेच मी शिकवलं. "जेवलासा का?" तिने ते घोकलं. आईबापांच्या मद्रासी भाषेमुळे 'ळ' तिला आधीच छान येत होता, म्हणून मी एक 'भाकरीचं पीठ दळलंय' असंही शिकवायला गेलो, पण तिने हात वर केला. एक पुरे.

बस आली. म्हाताऱ्याने माझी पेटी टपावर चढवली आणि पुन्हा गप्प झाला. ड्रायव्हरला दोन शब्दांत काहीतरी सांगितलं, तेवढंच. मी आत बसलो. उघड्या बाजूतून मला दोघेही दिसत होते. काकी पदर सारखा करून त्याच्याकडे वळली.

"जेवलासा का?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे, मग परत तिच्याकडे. "न्हाई," तो म्हणाला, "आजून कुठं. आगं, सकाळपासनं बैलानं..." आणि बस सुटली. धुळीतून मी मागे पाहत राहिलो. तो हातवारे करून काहीतरी सांगत होता, आणि ती न कळता मान डोलावत होती.