बास ट्रॉम्बोनचा सोलो

आमच्या पनवेलच्या बँडात बास ट्रॉम्बोन वाजवणारे एक बेने इस्रायली गृहस्थ होते. शनिवार ज्यूंचा विश्रांतीचा वार, म्हणून त्या दिवशीची लग्नं ते घेत नसत. बाकीच्या दिवशी मागच्या रांगेत उभे राहून, गाल फुगवून, भों-भों करत आम्हाला खालून साथ करत. एकदा तरी आपला सोलो व्हावा, एवढीच त्यांची हौस. दर तालमीला नवं गाणं निवडून आणायचे आणि चहा संपायच्या आत स्वतःच ते मोडीत काढायचे.

"छे, हे तुझ्या क्लॅरिनेटलाच शोभेल. माझं वाद्य म्हणजे रेडा."

पुढे ते बायकामुलांना घेऊन इस्रायलला निघाले. शेवटच्या तालमीला मी म्हटलं, "आज तुम्ही एकटे वाजवा. हवं ते."

त्यांनी डोळे मिटून वाजवलं. संथ, भारदस्त असं काहीतरी.

"सुंदर! कुठलं हो हे नवीन?" मी विचारलं.

त्यांनी ट्रॉम्बोन हळूच खाली ठेवला.

"नवीन कुठलं? मुलीच्या पाठवणीला आपण नेहमी वाजवतो ना, त्यातलंच. माझ्या वाटणीचं."

आता पाठवणी वाजवताना मी मागे कान देतो. मागे काहीच वाजत नसतं.