नऊ अंडी आणि मामांचा घोटा

सोलापुरात हळदीकुंकू बदकाविषयी जेवढं म्हणून ज्ञान होतं, ते सगळं आमच्या मामेसासऱ्यांच्या एका टोपीखाली मावत होतं, आणि उरलेल्या गावाला त्यातलं कणभरही नको होतं. नोकरी संपल्यावर माणसं देवाला लागतात. आमचे मामा ड्रॉइंगमास्तरकीतून सुटले ते बदकाला लागले. भाकरी आणि शेंगाचटणी फडक्यात बांधायची, एकरूखच्या तलावापर्यंत पायपीट करायची आणि गवतात पालथं पडून वहीत लिहीत राहायचं, हा त्यांचा नेम. चोचीच्या बुडाशी कुंकवाचे दोन ठिपके आणि टोकाला हळद, म्हणून या बदकाचं हे नाव. "कुंकू नरसुद्धा लावतो बरं का! नाहीतर आपण!" असं ते लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याचा जिलबीचा हात धरून सांगायचे. माणसांकडेही ते त्याच नजरेनं बघत. निवडणुकीला उभे राहिलेले एक वकील मत मागायला आले, तेव्हा त्यांची चाल निरखून मामांनी विचारलं, "जमिनीवर बेताचेच आहात. पाण्यात कसे आहात?" मामी म्हणायच्या, "चाळीस वर्षं माझ्या कपाळाकडं बघितलं न्हाई, आणि त्या चोचीवरचं कुंकू टिपून ठेवतात की!"

अशा माणसाची कीर्ती घराबाहेर जाऊ न देणं हे जावयाचं कर्तव्य होतं. मी नेमकं उलट केलं. आमच्या कचेरीतल्या गोऱ्या साहेबाला शिकारीचा नाद होता, आणि मला हेडक्लार्क होण्याचा. "आमचे मामा तलावातलं एकेक बदक ओळखतात, साहेब," असं मी छाती फुगवून सांगून टाकलं. रविवारी साहेबाची मोटार मामांच्या दारात उभी!

मामांनी मला बाजूला घेतलं. "जावईबापू, तलावाकाठी पाणकणसांच्या उंच गवतात नऊ अंडी आहेत. दोन दिवसांत फुटतील. बारा वर्षांत पहिल्यांदा घरटं सापडलंय मला. आई पडली, की नऊही गेली. साहेबाला द्यायला तुम्हाला सासरचं दुसरं कुणी माणूस मिळालं नाही का हो?"

तलावावर मामांनी साहेबाला दोन तास भलत्याच काठानं हिंडवलं. बदक सोडाच, साधा बगळासुद्धा दिसू दिला नाही. शेवटी साहेब कंटाळून आपणहोऊन पाणकणसांकडे वळला. त्याबरोबर मामा "अगं आई गं!" म्हणून डावा घोटा धरून बसले, आणि मग एक हात फडफडवत, लंगडत लंगडत उलट्या दिशेला निघाले. घरट्याजवळ कुणी आलं की मादी पंख मोडल्याचं सोंग करून त्याला लांब नेते, हे मामांनी मला पन्नास वेळा सांगितलं होतं, आणि पन्नासही वेळा मी "वा!" म्हणालो होतो. साहेब बंदूक खाली टाकून धावला. भला माणूस होता. मीही धावलो, आणि साऱ्या तलावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मामा, उजवा पाय का लंगडताय? मगाशी डावा होता की!"

साहेबाला मराठी बऱ्यापैकी कळत होतं. त्याची नजर बंदुकीकडे वळली. ते पाहून मामा आणखी जोरात लंगडायला गेले, काळ्या रानाच्या भेगेत पाय अडकला आणि कट्कन आवाज आला. या खेपेला त्यांनी "आई गं" म्हटलं नाही. साहेबानं स्वतः त्यांना उचलून मोटारीत घातलं, आणि शिकार तिथंच संपली.

मामा पाय फळीत बांधून खाटेवर पडले, आणि चौथ्या दिवशी पिल्लं मोजून येण्याची कामगिरी माझ्यावर आली. आईच्या मागे ओळीनं पोहत होती. मोजली, सात. पुन्हा मोजली, सातच. परतीच्या वाटेवर मी मनाशी एक ठरवलं.

"नऊ!" मी दारातूनच ओरडलो. "नऊच्या नऊ, मामा!"

मामांनी पेन्सिल उचलली आणि तशीच धरून ठेवली. "नऊच्या नऊ कधीच उरत नाहीत हो," ते हळूच म्हणाले. "खरं सांगा."

"सात."

त्यांनी सात लिहिलं, वही मिटून उशाशी ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं. मग तसेच म्हणाले, "दोन कुणी नेली असतील हो?"

घार, साप, कासव. सगळं त्यांनीच मला शिकवलेलं. मी त्यांच्या पायाखालची उशी तेवढी जरा सारखी केली.