बदलीवर आलेली डिस्क

बंद पडणं ही गोष्टच मुळात मान्य नसलेला माणूस अख्ख्या सुरतेत एकच, आणि तो नेमका माझा साडू निघाला. बमरोलीच्या लूम खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, साडूभाऊंनी आयुष्यभर अशी काही मशिनं हाकली, की शेटजी ती भंगारात काढायला आले तर मशिनंच त्यांच्या अंगावर धावून जायची. घरचा पंखा काठीने ढोसल्याशिवाय फिरत नाही; पण एकदा फिरला की गल्लीतले वाळत घातलेले कपडे दोरीसकट हजीऱ्याच्या बंदरात जाऊन पडतात. फ्रिज लाथेने चालतो, मिक्सर शिवीने, आणि टीव्ही सासऱ्यांची शपथ घातल्यावर. दुरुस्तीवाला बोलवा म्हटलं की अहिराणीत फिस्कारतात, "तो काय मन्हापेक्षा हुशार शे का?"

त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, आम्हा सगळ्यांची अक्का, गेली, तिथे मात्र काठी, शिवी, शपथ, काही म्हणजे काही चाललं नाही.

मागे राहिला तिचा भरतकामाच्या डिझाइनचा कॉम्प्युटर. त्यात तिने गमतीने स्वतःचा आवाज भरून ठेवलेला. विंडोज सुरू झाली की अक्का ओरडायची, "उठा ना, चहा थंडा व्हई ऱ्हायना!" साडूभाऊ रोज त्या हाकेनंतरच चहा घेत. यंदा त्याची हार्ड डिस्क जात्यासारखी घरघरायला लागली. नुसता आवाज मोबाइलवर काढून देतो म्हटलं, तर म्हणाले, "ती कधी मोबाइलमा ऱ्हायनी का?"

मग मी कतारगामहून नवी डिस्क आणून जुनीची हुबेहूब नक्कल उतरवली. नवी चालूच होईना. काळा पडदा आणि कोपऱ्यात मिचमिचणारी एक रेघ. कारण उघड होतं. दोन्ही डिस्का एकदम जोडलेल्या, आतली ओळखखूण दोघींची एकच. घरची धनीण कोण, हे विंडोजला समजेना.

"साडूभाऊ, जुनी काढा आधी."

"आमना खातामा चालू लूम हातमा देतस. बदलीवालाना हात बसस, मंग पहिला कारागीर जास."

"अहो, डिस्क म्हणजे काय कारागीर आहे?"

"मी तिले काढाव नही."

आणि खरोखरच ते कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवून जुन्या डिस्कला समजावत बसायचे, "दे वं, तिना हातमा देई टाक." मी हसायचो. मग एका सकाळी जुन्या डिस्कवरून चालू केलं, तर हाक "उठा ना, च..." इथेच अडकली. तेच, तेच, पुन्हा तेच. साडूभाऊंनी बटण बंद केलं आणि जुन्या डिस्कची वायर स्वतःच्या हाताने उपटली.

नवी पहिल्या झटक्यात सुरू झाली. अक्का सगळं वाक्य बोलली, अगदी खणखणीत.

"झालं की साडूभाऊ! जिंकलात!" मी ओरडलो.

जुनी डिस्क त्यांच्या दोन्ही तळव्यांत होती.

"अजून गरम शे," ते म्हणाले, आणि ती निवेपर्यंत तसेच उभे राहिले.